गोठ्यापर्यंतच्या दोन तारा

कॅमेऱ्याचा निळा दिवा तांबडा झाला तेव्हा मी गोठ्यात गव्हाणीमागे आडवी पडले होते. उजवा पाय उचलता येत नव्हता. रेडकाच्या दाव्याचा एक फेर माझ्या घोट्याला बसला होता, दुसरा त्याच्या मानेला. ते ओढे तसा त्याचा गळा आवळला जाई. मी पाय त्याच्याकडे सरकवला की दावं सैल पडे, पण सरकवताना डोळ्यांपुढे अंधारी येई. म्हैस खुंट्याला उभी राहून बघत होती.

मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. मुलगा पुण्याला. शेजारची वस्ती उसापलीकडे, तिथवर हाक पोचत नाही. तोवर मी त्या निळ्या दिव्याकडे बघून हाका मारत होते, कारण निळा दिवा आहे तोवर तू मला दिसतेस, असं मुलाने सांगितलं होतं. तांबडा झाल्यावर मी हाका मारणं सोडलं.

मुलगा कंपन्यांमधून नेटच्या तारा आणि पेट्या बसवतो. त्या पेटीला स्विच म्हणतात. मला स्विच म्हणजे दिव्याचं बटण माहीत. हा स्विच म्हणजे ओळीने भोकं असलेली चपटी पेटी, त्यात तारा खोचायच्या. त्याचे वडील गेल्यावर त्याने वस्तीवर अशा दोन पेट्या बसवल्या. एक रस्त्याकडेच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, जिथे नेट येतं, आणि एक गोठ्यात, तिथल्या कॅमेऱ्यासाठी. मध्ये दोन तारा टाकल्या. एक पाइपात घालून जमिनीखालून, दुसरी खांबांवरून, गाडीवाटेच्या वरून. एकीने भागलं नसतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, या दोन तारा पेट्या एकच समजतात. काम दोघींवर वाटून जातं, आणि एक तुटली तर सगळं दुसरीवर जातं. तुला कळणारसुद्धा नाही. मोठ्या कंपन्यांत असंच करतात.

म्हशीच्या गोठ्याला कंपनीची ऐट कशाला, असं मला वाटलं. पण त्याला ते करून बरं वाटत होतं. पुण्याला चल हे बोलणं त्यानंतर बंद झालं. मला जायचं नव्हतंच, पण विचारणं बंद झालं ते लक्षात आलं.

नवरा गेला तरी दूध डेअरीला जात राहिलं. दोन म्हशींची एक केली इतकंच. कर्जतच्या बाजारात लोक म्हणत, बाई खमकी आहे. मग घरी येऊन बसायचं कुणाला कारण राहिलं नाही. मुलगा संध्याकाळी कॅमेऱ्यातून बोले. जेवलीस का, गोळी घेतली का. मी शेण भरता भरता हो म्हणे. त्याला बहुतेक माझी पाठच दिसत असेल.

दिवा तांबडा झाला त्याच वेळी गाडीवाटेवर ट्रॅक्टरचा आवाज येत होता. ट्रॅक्टर जागीच थांबला. शेजारचा ऊस तुटत होता, त्याच्या ट्रॉल्या आमच्या गाडीवाटेने कारखान्याला जात. मी पुन्हा ओरडू लागले. इंजिन घरघरत होतं, त्यामुळे ऐकू गेलं नसावं. मग पावलं आली. ड्रायव्हर गोठ्याच्या दारात उभा राहिला आणि मी कुठे आहे हे बघण्याआधीच बोलू लागला.

“आजी, ट्रॉलीच्या उसात आडकून तुमची वायर तुटली. मुद्दाम न्हाई केलं.”

“वायर जाऊ दे. विळा खिळ्याला हाय, आदी हे दावं काप.”

त्याने कापलं. रेडकू धडपडत उठलं आणि म्हशीच्या पोटाखाली शिरलं. मग ड्रायव्हरचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं, तसा तो मला काखेत धरून ओढायला लागला. ओढू नको म्हटलं. त्याने माझा मोबाईल आणला, मुलाला फोन लावून दिला, आणि हळूच विचारलं, “वायरीचं तुमीच सांगताल का?”

खुब्याचं हाड मोडलं होतं. केडगावच्या दवाखान्यात मुलगा रात्री आला. कॅमेरा बंद पडल्याचं त्याच्या फोनवर तेव्हाच आलं होतं. त्याने वाचलंही होतं. पण तारा दोन, दोन्ही वेगळ्या वाटेने, म्हणजे तारेचं असणार नाही, लाईट गेली असेल, असं समजून त्याने फोन खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो वस्तीवर जाऊन आला. जमिनीखालची तार घुशींनी केव्हाच कुरतडून टाकली होती. पाइपात त्यांचं घर होतं. इतके दिवस खांबांवरची एकटीच सगळं ओढत होती.

“एक गेली ते तुला कळलं कसं नाही?” मी विचारलं.

“चालू होतं ना, आई. चालू असलं की कोण बघतं?”

“मग कळतं कधी?”

“दुसरी गेल्यावर.”

मी त्याला जेवून ये म्हटलं. जाताना म्हणाला, एक तार गेली तरी फोनवर कळेल अशी सोय पेटीत असते, ती चालू करायची राहिली होती.

आणखी एक गोष्ट त्याने नंतर सांगितली. सांगितली नसती तरी चाललं असतं. मी पडले ती जागा कॅमेऱ्यात येत नाही, त्याचं तोंड दाराकडे आहे. आवाज तो कामावर असताना बंद ठेवायचा, म्हैस फार ओरडते म्हणून. म्हणजे दिवा निळा राहिला असता तर मी त्याच्याकडे बघून हाका मारत राहिले असते, आणि ट्रॉली न थांबता कारखान्याला गेली असती.

आता दोन्ही तारा नव्या आहेत. मी वॉकर धरून गोठ्यापर्यंत जाते. मुलाने पुण्याला चल म्हणून एकदा विचारलं. म्हशीचं कोण बघेल, असं मी म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

रेडकू वाचलं. मी वाचले.