बरं वाटलं म्हणे!

आमचे हे रंगारी. भिंती रंगवतात, छतं रंगवतात आणि काहीही विचारलं की "काही नाही" म्हणतात. तापानं फणफणले तरी काही नाही, शिडीवरून आपटले तरी काही नाही. घुम्या माणसाशी संसार करून बघा, म्हणजे कळेल!

यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे मला कोणी सांगावं? ठेकेदारानं! "वहिनी, छत डाव्या हातानं रंगवतात हो ते. पट्टे उमटतात. हात सुधारला नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दिवसभर मी लोकांचे आखडलेले खांदे आणि धरलेल्या पाठी मोकळ्या करते. उपचाराचा मसाज, हेच माझं काम. आणि माझ्या घरातला खांदा मला परक्यानं दाखवायचा!

घरी जाब विचारला, तर म्हणतात, "अगं, नाक्यावरच्या पार्लरात मसाज करून आलो ना. मंद दिवे, वासाचं तेल, गाणी. झोपच लागली. इतकं बरं वाटलं!"

"बरं वाटलं की बरं झालं?" मी ओरडलेच. "करा बघू हात वर."

हात खांद्याशी येऊन अडला.

पार्लरातल्या मुलीचं काही चुकलं नाही. दमलेल्या जिवाला आराम द्यायचा, ते तिनं चोख केलं. तिच्याकडे गिऱ्हाईक घोरायला लागलं की काम फत्ते. माझ्याकडे झोपून कसं चालेल? हात कुठं अडतोय ते बघायचं, नेमका तोच स्नायू शोधायचा, दाबताना सारखं विचारायचं, दुखतंय का, किती दुखतंय. त्या उत्तरावर माझा पुढचा हात चालतो.

यांना पालथं झोपवलं. खांद्यामागच्या हाडाच्या कडेला अंगठा रोवला.

"दुखतंय?"

"नाही."

पायाची बोटं वळलेली, उशी मुठीत आवळलेली, आणि म्हणे नाही!

"इथं?"

"काही नाही गं."

मी हात काढून घेतले. "खोटं बोलणाऱ्यावर मी हात चालवत नाही. भलतीकडे जोर लागला तर आहे तेही जाईल. बसा पट्टे ओढत!" आणि तरातरा दाराशी गेले.

"दुखतंय गं." तोंड उशीतच होतं. "फार दुखतंय. शर्टसुद्धा घालवत नाही."

एवढ्या वर्षांत हा शब्द यांच्या तोंडून मी आज ऐकला! असा संताप आला म्हणून सांगू! "मग आधी बोलायला तोंड शिवलं होतं का मेलं?" ओरडता ओरडता माझाच आवाज फाटला. परत येऊन खाटेवर बसले.

"कुठं? नीट दाखवा."

हे उठून बसले. माझा हात धरून त्यांनी काखेखाली नेऊन ठेवला. मी दाबत होते तिथून ती जागा चांगली वीतभर लांब होती.