आत्याचं सोनखत

फोन आला तवा मी सांदवाडीत, म्हंजे घरामागच्या भाजीच्या वाडीत, पालक उपटून राहिली होती. दवाखान्यातून नवरा बोलला, माय गेली... मी हातातली जुडी भाजी पुराले खोदलेल्या खड्ड्यात टाकली, वरून माती लोटली, मंग रडली. गावात म्हनतात, सासूचं मयत घरी यायच्या आधीच सुनेनं तिची वाडी उपटली. हो, उपटली.

आत्या म्हंजे माझी सासू. आमच्या फुलचूर गावाले तिच्या हातच्या भाजीचं लय नाव. शहराच्या गटारपान्याच्या प्लांटमधला गाळ, वाळवून भुरभुरा केलेला, ट्रॅक्टरवाला फुकट टाकून जाय. आत्यानं पहिल्या दिवशी चिमूट उचलली, नाकाशी धरली अन् म्हनली, सोनखत होय हे. तिच्या लहानपनी सोनखतावर, म्हंजे मानसाच्या मैल्याच्या खतावर, धान कंबरेवर जाय म्हने. मले घिन आली तं साऱ्या बायांसमोर हासली, "आपलंच होय वं, फिरून आपल्याच ताटात आलं. तुले कायची घान?"

सोनखत, सोनखत... त्या शब्दानंच घात केला. तिच्या जमान्यात खड्ड्यात मानसाचंच जाय. आता त्याच नालीत बॅटरीवाल्याचं पानी, रंगवाल्याचं पानी, सोनाराचं तेजाब बी. मी आठवीपर्यंतच शिकली, पन बचत गटात आलेली मॅडम बोलली ते समजलं, का गाळ तापवल्यानं जंतू मरतात, शिसं मरत नाही, भाजीत चढते, लहान लेकराले जास्त बाधते, तपासल्याबिगर भाजीले टाकू नका. घरी येऊन सांगतलं तं आत्या म्हने, तुह्या मॅडमले लेकरं हायेत का? अन् त्याच सांजेले माझ्या दोन वर्षाच्या पोरीले पालकाची पातळ भाजी भरवली, माझ्याकडं पाहू पाहू, एकेक घास.

मंग मी पिशवीत वाडीची माती भरून माती तपासनीच्या हापिसात नेली. साहेब म्हने नत्र चांगलं, जमीन सुपीक. शिसं? ते इथं तपासत नाही म्हने. प्लांटवर गेली तं गेटवरचा हासला, खत है बाई, खाके देखो. आत्यानं साऱ्या मोहल्ल्यात सांगतलं, साहेबानं माझ्या मातीले पास केलं.

तिची किडनी कायनं गेली मले मालूम नाही. डॉक्टर म्हने वय झालं, शुगर होती. मी नाही म्हनत का गाळानं गेली. पन नाही गेली असं बी कोनी छातीवर हात ठेवून सांगत नाही... अन् पोरीनं बी तेच खाल्लं.

तेरवीले नवरा म्हने, मायच्या हातचा घरात ठेवलेला भोपळा नैवेद्याले घे. मी बाजारातून आनला. तो आजून माझ्याशी धड बोलत नाही. मेलेल्या मानसाचं चांगलं बोलावं म्हनतात. बरं, पोरीवर तिचा जीव होता. जीव होता अन् ऐकलं नाही.

वाडीले मी काटे लावले. काल ते सरकवून पोरगी आत गेलीच. आत्या बसे तशी उकिडवी बसली, चिमूट उचलली, नाकाशी धरली अन् तोंडात टाकली. मी धावली, बोट घालून काढली, जिभेवरची, दातातली, पदरानं पुसली... रडली नाही ते. माझ्या मातीच्या बोटाकडं पाहून म्हनली, "सोन."