सुएझच्या कालव्यात अडकलेली पाठवणी

आमच्या सुमीची पाठवणी सुएझच्या कालव्यात अडकली होती.

हसू नका! छप्पन्न साली, तुळशीच्या लग्नानंतर मारेगावात माझ्या बहिणीचं लग्न लागलं आणि तिकडे इजिप्तमध्ये लढाई होऊन कालवा नुकताच बंद पडला होता. तेलाची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. इकडे ज्यांच्याकडे मोटार नव्हती, तेही पेट्रोलचे डबे भरून ठेवू लागले! झालं, वऱ्हाड आमच्या दारात सोडून राळेगावला, सुमीच्या सासरी, गेलेली मोटार परत न्यायला आलीच नाही.

व्याही हट्टी. "सून मोटारीतच नेईन! गावाले सांगून आलो मी!" बैलगाडीचं नाव काढलं की रागानं जेवायला बसत. (नाव न काढताही बसत.)

पहिल्या दिवशी आईनं सुमीची ओटी भरली, गळ्यात पडून हंबरडा फोडला. मोटार नाही. डोळे पुसून सगळे पुन्हा पंगतीला! दुसऱ्या दिवशी पुन्हा ओटी, पुन्हा रडणं. तिसऱ्या दिवशी शेजारणी दारातूनच म्हणाल्या, "मोटार दिसली की आवाज द्या वो काकू, मंग येतो रडाले."

बाबा गेल्यापासून आईला आम्ही दोघंच. ती रोज सुमीची वेणी घालताना पुटपुटायची, "देवा, कोणाचं वाईट नको करू, पण थो कालवा बंदच राहू दे."

घरात पेपर वाचणारा मी एकटा. चौथ्या सकाळी आईनं विचारलं, "काय म्हणते रे तुहा पेपर? नाल्यावर चादरी धुवाले जाऊ का?" (वऱ्हाडानं एकही चादर पांढरी ठेवली नव्हती.)

"जाय बिनधास! कालव्यात जहाजं बुडवून ठेवलीत. संक्रांतीपर्यंत मोटार येत नाही!"

आई गेली आणि मोटार दारात!

"चला लवकर! उभ्या उभ्या पेट्रोल जळून राह्यलं!" ड्रायव्हर ओरडला.

"माय येऊ द्या ना," सुमी म्हणत राहिली. व्याह्यांनी तिला आत बसवलं. निरोपाला माहेरचा मी एकटा. असं भोकाड पसरलं, की व्याह्यांनी मलाही आत ओढलं. "चला, पाठराखीण म्हणून तुम्हीच चला!"

नाल्याच्या पुलावरून आई दिसली. पाठमोरी, चादर आपटत होती.

"माय वो!" सुमीनं हाक मारली.

"थांबवा!" मी ओरडलो.

"बंद पडली तर राळेगावपर्यंत तुम्हीच ढकला!" ड्रायव्हर म्हणाला.

आईला काही ऐकू गेलं नाही. ती चादर आपटतच राहिली. ओल्या चादरी घेऊन ती घरी आली, तेव्हा घरात ना लेक होती, ना लेक गेल्याचं सांगायला मी.

राळेगावला परतीचं पेट्रोल नव्हतं आणि व्याही मलाही बैलगाडीनं पाठवेनात. सुमी आठवड्याभरात रुळली, भाकरी थापू लागली. आईच्या आठवणीनं ओसरीवर रडत बसायचो तो मी, आणि सुमीची सासू माझी समजूत घालायला शेजारणींना बोलावून आणायची, "या वो बायांनो, आमच्या पाठराखणीले करमून नाही राह्यलं!"