हौसाबाईंचा उंबरा

आमच्या गल्लीचं सांडपाणी शेवटच्या घरात, हौसाबाईंच्या चुलीपर्यंत शिरायचं. शेवटी रविवारी आम्हीच गटार खोदलं. दहा फुटांना एक इंच उतार मी स्वतः मोजून घेतला.

काम संपत आलं तेव्हा पालिकेचा माणूस नोंदवही घेऊन आला. “परवानगी कुठाय?”

हातातलं घमेलं खाली न ठेवता हौसाबाई म्हणाल्या, “पाणी माझ्या घरात शिरतं, ते कुणाला विचारून, साहेब?”

सगळ्या शहराचा उतार वस्तीकडे काढताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तो वळवायला मात्र आम्ही अर्ज करायचा.

वरच्या घरातून कुणीतरी हंडाभर पाणी ओतलं. ते हौसाबाईंच्या उंबऱ्याशी जरा घुटमळलं आणि सरळ पुढे नाल्याकडे गेलं.

“आता लिहा काय लिहायचं ते,” हौसाबाई म्हणाल्या.