नदी उतरली तेव्हा धवलेरी आमच्याकडे होती

"सर, दोन्ही होड्या चिखलात बसल्यात."

"म्हणजे? बुडाल्या?"

"नाही. पाणीच नाही."

"नदीत पाणी नाही? पूजा, तू बरी आहेस ना?"

मी बरी होते. आमच्या कॅम्पवर एकाच खडकावर नेटवर्क मिळतं. त्या खडकावर उभी राहून मी खाली बघत होते. काल संध्याकाळी जिथे पाणी होतं तिथे आज काळा, ओला, चकाकणारा चिखल पसरला होता. पार मधोमध पाण्याचा एक पट्टा उरला होता. आमच्या दोन्ही फायबरच्या होड्या त्या पट्ट्यापासून लांब, एका कुशीवर कलंडून पडल्या होत्या. आणि खाली, चुलीपाशी, सोमीमावशी लग्नाला जायचं लुगडं नेसून तयार बसली होती.

आधी आमचं काम काय ते सांगते. मी एका छोट्या टूर कंपनीत साइट इन्चार्ज आहे. डहाणू तालुक्याच्या पूर्वेला, कासाच्या पुढे, सूर्या नदीच्या जंगलातल्या काठावर आम्ही थंडी आणि उन्हाळ्यात कॅम्प लावतो. तिथे रस्ता जात नाही. माणसं, तंबू, पिण्याचं पाणी, तांदूळ, सगळं होडीतून जातं आणि कचऱ्यासकट सगळं होडीतून परत येतं. वीज नाही, पक्कं बांधकाम नाही. वनखात्याची परवानगी त्याच अटीवर आहे. झाडाला खिळा मारायचा नाही, फांदी तोडायची नाही, चूल एकाच ठरलेल्या जागी. सर, म्हणजे कंपनीचे मालक, याला 'प्रिमिटिव्ह कॅम्प' म्हणतात. माझ्या आईने ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "म्हणजे आपण राहत होतो तसंच की. याला लोक बुकिंग करून येतात?"

येतात. आणि गप्प होतात. पहिल्या दिवशी मोबाइल हातात घेऊन फिरतात, दुसऱ्या दिवशी सकाळी तो तंबूतच राहतो. मार्चअखेरीला मोहाची फुलं गळत असतात. पहाटे धुकं पाण्याला टेकलेलं असतं आणि त्यातून फक्त पलीकडच्या ऐनाच्या झाडांचे शेंडे दिसतात. मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली पदवी. माझे वडील समुद्रकाठच्या चिखले गावी चिकूच्या वाडीत कामाला होते. ज्या नोकरीत रोज सकाळी हे बघायला मिळतं, ती नोकरी मला मिळाली, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या वेळी आमच्याकडे वापीच्या एका कारखान्यातल्या मंडळींचा ग्रुप होता. त्यांचे पुढारी हसमुखभाई, मेंटेनन्सचे इंजिनियर. मोठं पोट, मोठा आवाज, मोठं मन. स्वयंपाकाला नेहमीप्रमाणे सोमीमावशी होती. तिचा पाडा नदीच्या पलीकडे. ती धवलेरी आहे. तिच्या समाजात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. घराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हो, काढत नाहीत, लिहितात. त्या चौकात देवी बसते. पण धवलेरीने समोर बसून गाणी म्हटल्याशिवाय ती येत नाही, आणि ती आल्याशिवाय लग्न लागत नाही. त्या भागात आता धवलेऱ्या फार उरलेल्या नाहीत.

त्या दिवशी मावशीच्या शेजारच्या घरी लग्न होतं. नवऱ्याकडची मंडळी तलासरीहून टेम्पोने येणार होती. दिवेलागणीच्या आत गाणं सुरू व्हायला हवं असं ठरलं होतं. मी मावशीला शब्द दिला होता, "पाहुण्यांचं जेवण झालं की काका तुला पलीकडे सोडतील."

काका म्हणजे आमचे होडीवाले दामूकाका. चिखल्याचेच. उभं आयुष्य समुद्रावर आणि खाडीत गेलं. गुडघे गेल्यावर मुलांनी मासेमारी बंद करायला लावली, तेव्हा मीच त्यांना इथे आणलं. नदीला ते 'गोडं पाणी' म्हणतात आणि फारसा मान देत नाहीत.

सकाळी पाणी उतरायला लागलेलं त्यांनी सगळ्यांच्या आधी बघितलं. आणि ते खूश झाले. खाडीकाठची पद्धत अशी, की ओहोटी लागली की होडी काठाला टेकू द्यायची. पाणी गेलं की होडीचा तळ मोकळा होतो. मग तो घासायचा, शेवाळ काढायचं, चीर असेल तर बुजवायची. भरती येते, होडी आपोआप तरंगते. काकांनी दोन्ही होड्या टेकवल्या आणि ब्रश घेऊन तळ घासायला बसले. मी तिथून गेले तेव्हा म्हणाले, "बघ, कशी चकचकीत करतो." मीही खाडीकाठची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट बरं वाटलं, मेंटेनन्स होतोय.

पाणी उतरतच गेलं.

आमच्या कॅम्पच्या वर धरण आहे आणि खाली बंधारा. मधली नदी म्हणजे एक लांबलचक साठा. पाणी किती राहणार ते वरून किती सोडलं आणि खाली किती अडवलं यावर ठरतं. चंद्राचा तिथे काही संबंध नाही. मी खडकावरून बंधाऱ्यावरच्या गेट ऑपरेटरला फोन लावला.

"दरवाज्याचं रबर बदलायचंय मॅडम," तो म्हणाला. "पाणी खाली सोडलंय. तुमच्या ऑफिसला मेसेज गेलाय की."

"पाणी परत कधी येईल?"

"आज नाही. उद्या बघू. परवा नक्की."

मी खाली आले. काका काठावर उभे होते, हातात ब्रश.

"भरती कितीला म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"परवा."

काकांनी ब्रश कमरेला खोचला. मग म्हणाले, "असली कसली नदी ही!"

हसमुखभाई चहाचा कप घेऊन आले. "अरे बेन, पाणी क्यां गयुं?"

"खाली," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

पाहुण्यांना मात्र मजा वाटत होती, आणि त्यांना दोष देता येणार नाही. दोन सीझन ज्या पाण्यावरून मी होडीतून गेले, त्याखाली काय आहे हे मीही पहिल्यांदाच बघत होते. म्हशी बसल्यासारखे गुळगुळीत काळे खडक, ओळीने. पाण्याखाली गेलेल्या एका झाडाचं खोड, अजून उभं. चिखलावर एका रेषेत बिबट्याचे पंजे. पाणी उतरल्यावर तो खाली येऊन पाणी पिऊन गेला होता. आम्ही चहा पीत होतो तेव्हा. कुठून कुठून बगळे उतरत होते, थव्याने, आणि कोणी आवाज करत नव्हतं. नदी उघडी पडलेली बघणं म्हणजे मोठ्या माणसाला झोपेत बघण्यासारखं. बघावंसं वाटतं, आणि बघू नये असंही.

सोमीमावशी माझ्याजवळ आली. "मी चालत जातंय. बंधाऱ्यावरून."

"मावशी, जंगलातून तिथवर जायला संध्याकाळ होईल. तिथून परत पाड्यावर यायला रात्र."

"मंग काय करू? पोरगी हळद लावून बसली हाय."

काकांनी चिखलात पाय टाकून बघितला. मांडीपर्यंत आत गेले. आम्ही दोघांनी ओढून काढलं. पाय आला, चप्पल नाही आली.

मी परत खडकावर चढले.

"सर, होडी पाण्यापर्यंत ओढत न्यावी लागेल. काका म्हणतात, खाली काहीतरी अंथरलं तर सरकेल. तंबू सोडतेय."

"कुठले तंबू?"

"सगळे. ताडपत्र्या आणि बांबू लागणारेत. जंगलातलं लाकूड तोडता येणार नाही."

"पूजा, गेस्टची आजची रात्र बुक आहे! एका कुकसाठी तू कॅम्प मोडणार?"

"सर, तिच्यासाठी तिकडे लग्न थांबलंय."

"दुसरी कोणी गाणारी नाही का मिळणार?"

सर वाईट माणूस नाहीत. अनुभव नसताना मला ही जागा त्यांनीच दिली. पण ते खडकावर उभे नव्हते. त्यांना मावशी दिसत नव्हती.

"गेस्टला विचार," शेवटी ते म्हणाले. "एकाने जरी नाही म्हटलं तरी नाही."

मी विचारलं. जे होतं ते सगळं सांगितलं. हसमुखभाईंनी कप खाली ठेवला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"बेन, बाप होऊन सांगतो, लगन अटकवायचं पाप आमच्या माथी नको. कारखान्यात आम्ही बॉयलर सरकवलाय. होडी काय चीज आहे?"

इथून पुढे काका बदलले. इतका वेळ ते खाली मान घालून होते. आता ते समुद्रावरचे काका झाले. "इंजिन उतरवा! ताडपत्री दुहेरी! बांबू आडवे, हातभर अंतराने! ए जाड्याभाई, तू मागे, तुझा जोर ढकलायला!"

"जाड्या कोणाला म्हणतो रे?"

"इथे दुसरा कोण आहे?"

किनाऱ्यावर होडी ओढताना खालच्या लाकडांना चरबी चोपडतात. चरबी नव्हती. काका चुलीकडे गेले आणि तेलाचा डबा घेऊन आले. मावशी मागून धावत. "माझा डबा! संध्याकाळची भजी कशात तळू?"

"संध्याकाळी तू इथे असशील तर तळ!"

तिला ते पटलं. तिने स्वतःच बांबूंवर तेल ओतलं, पदर खोचून, लुगड्याला डाग लागणार नाही अशा बेताने.

आणि आम्ही ओढायला लागलो. होडी हातभर सरकायची आणि थांबायची. मागची ताडपत्री काढून पुढे अंथरायची, बांबू पुढे न्यायचे, परत ओढायची. ताडपत्रीवरून पाय घसरला की माणूस कमरेपर्यंत चिखलात. पाहुण्यांतल्या एका बाईंनी मावशीला हाक मारली, "मावशी, तुम्ही गाता ना? गा काहीतरी, आम्हाला जोर येईल!"

"ती गाणी देवाची हायत," मावशी म्हणाली. "होडी ओढाया नाय." मग तिला वाईट वाटलं असावं. कारण ती उतरली आणि तिनेही दोराला हात लावला. काका ओरडले, "तू चढ वर! तुला चिखल लागला तर आम्ही कशाला मरतोय?"

उन्हं कलली तेव्हा पलीकडच्या काठावर माणसं दिसायला लागली. आधी दोनचार, मग पाडाच. मावशी का आली नाही ते बघायला आले होते. ते हाका मारत नव्हते. नुसते उभे होते, झाडांच्या सावलीत, रंगीत कपड्यांत. आमच्याकडे बघत होते. मधली सगळी उघडी नदी, आणि दोन्ही काठांवर माणसं एका होडीकडे डोळे लावून.

शेवटच्या टप्प्यात चिखल पातळ झाला. होडी एकदम सरकली. इतकी, की हसमुखभाई ढकलता ढकलता पुढे पालथे पडले. तळाला पाणी लागल्याचा आवाज आला. पलीकडून आरोळी उठली. काकांनी इंजिन परत बसवलं नाहीच, रेटायला एक बांबू घेतला. ताडपत्र्या एकेरी करून काठापासून अंथरल्या आणि त्यांवरून मावशीला दोघांनी उचलून होडीत बसवलं. मीही चढले. पलीकडचा काठ खडकाळ होता, तिथे चिखल नव्हता. मावशी उतरली आणि मागे वळून न बघता चालायला लागली. तिच्यापुढे सगळा पाडा चालायला लागला.

काकांनी मग फेऱ्या मारून सगळ्या पाहुण्यांना आणलं. कॅम्प तर मोडलाच होता. नवरीच्या बापाने त्यांना बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत चिखल, आणि म्हणाला, "आधी आंघोळ करा. मंग लगीन."

आम्ही दाराशी उभे राहिलो. आत कुडाची भिंत, त्यावर पांढराशुभ्र चौक, कापडाने झाकलेला. मावशी त्याच्यासमोर बसली. ही तीच बाई, जी सकाळी आम्हाला चहा देताना "साखर कोणाला कमी?" असं विचारते. तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. वाजंत्री नाही, टाळ नाही. लांब, सरळ आवाज. ती एकेका देवाला नावाने हाक मारत होती. डोंगराला, पावसाला, धान्याला, आणि आम्ही जिच्या चिखलात दिवसभर लोळलो त्या नदीलाही. नवरा-नवरी, दोघांचे आईबाप, म्हातारे, सगळे तिच्या आवाजासाठी थांबले होते. मग कापड बाजूला झालं. हसमुखभाईंनी हात जोडले.

त्या रात्री पाहुणे पाड्याच्या अंगणात झोपले. तक्रार कोणी केली नाही. दोघांनी तर पुढच्या वर्षीचं विचारलं.

सरांना मी रिपोर्ट दिला. ऑफिसला आलेला बंधाऱ्याचा मेसेज सुट्टीमुळे कोणी उघडलाच नव्हता, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. आता आमच्या नियमांत दोन गोष्टी वाढल्या आहेत. एक, पाणी उतरताना दिसलं की आधी होड्या खोल पाण्यात न्यायच्या आणि मग कारण विचारायचं. तळ घासायचा तो सीझन संपल्यावर. काकांना हे अजूनही चुकीचं वाटतं.

दुसरी गोष्ट सरांनी सुचवली. पुढच्या वर्षी होळीनंतरच्या तारखा खुल्या करायच्या होत्या. त्यांचा फोन आला.

"पूजा, कॅलेंडर लावतोय. बंधाऱ्यावर विचारलंस का?"

"विचारलं, सर."

"आणि सोमीमावशीला?"

"आज जातेय. पाड्यावरच्या लग्नांच्या तारखा अजून ठरायच्यात."

"ठरू देत," ते म्हणाले. "मग आपलं बुकिंग सुरू करू."

तेव्हापासून आम्ही असंच करतो. वापीची मंडळी मात्र उलट करतात. लग्न कधी आहे ते विचारतात आणि तेवढ्याच तारखा मागतात.