जवाईबापूंची मशीन आणि मावशीची म्हैस

वरठीच्या कारखान्यातली नोकरी संपल्यावर आमचे हे म्हणाले, आता तुझ्या गावी राहू. अड्याळला वडिलांनी मला दिलेली जागा होती, तिच्यावर घर बांधलं. माहेरी राहायला मिळालं म्हणून मी खूश आणि घरापुढे लॉन करता येईल म्हणून हे खूश. नोकरीभर साहेबांच्या बंगल्यापुढची हिरवळ यांनी सायकलवरून जाता-येता बघितली होती, तिचं वेड डोक्यातून काही गेलं नव्हतं. गावाला मात्र लॉन म्हणजे लग्नाचं लॉन, एवढंच ठाऊक. गवताच्या गाद्या टेम्पोतून उतरायला लागल्या तेव्हा अर्धी गल्ली विचारून गेली, लग्न कोणाचं काढलं म्हणून.

शेजारी मावशी राहते. नात्याची नाही, आईची मैत्रीण. पण आईपेक्षा जास्त रागावायची. तिच्याकडे एक म्हैस आहे. मावशी एक दिवसाआड विळा घेऊन यायची, आमच्या लॉनमधलं गवत कापायची, भारा बांधून न्यायची आणि सकाळी तांब्याभर दूध आमच्या ओट्यावर आणून ठेवायची. दुधासोबत गावातल्या बातम्या फुकट.

अडचण एकच. मावशी म्हशीच्या आवडीप्रमाणे कापायची. जिथं गवत कोवळं तिथं मुळापर्यंत, जिथं जाड तिथं हातही लावायची नाही. लॉन कायम न्हाव्यानं अर्धवट सोडलेल्या डोक्यासारखं दिसायचं. हे आतल्या आत धुमसायचे. बोलायची मात्र सोय नव्हती, कारण हे पडले अख्ख्या गावाचे जावई. मावशी 'जवाईबापू' म्हणून पदर सावरायची आणि पुन्हा यांच्यादेखत लॉनला टक्कल पाडायची. सासूच्या जागी असलेल्या बाईला काय बोलणार? बोलता येईना म्हणून यांनी मशीन मागवली.

खोक्यातून निघाली ती लालभडक, चार चाकांची, मागून ढकलायचा दांडा असलेली. खाली उपड्या घमेल्यासारखं पोट, आणि पातं त्या पोटात. बघायला आलेल्यांपैकी एकानं सांगितलं, ही धान कापायची. दुसरा म्हणाला, फवारणीची. मी हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. हे चष्मा लावून माहितीपुस्तक उभ्यानंच वाचत होते. मग दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा यांची चप्पल उडून तुळशीपाशी पडली.

मावशी कुंपणाच्या भिंतीवरून म्हणाली, "जवाईबापू, तिले जरासं चुचकारा. दूध काढाच्या आधी म्हशीले चुचकारतेत, तसं."

यांनी तिला चुचकारलं नाही, पण पुस्तकात बघून एक बटण दाबलं. मशीन सुरू झाली आणि मावशीच्या म्हशीनं गोठ्यातून हंबरून तिला उत्तर दिलं.

खरं सांगते, मशीन चांगली होती. जिथून जाईल तिथं इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. यांची छाती दांड्यापुढे आलेली. मी मनात खूप कौतुक केलं आणि तोंडानं काही बोलले नाही, नाहीतर पुढच्या आठवड्यात आणखी एक मशीन आली असती.

मशीन थांबली तेव्हा मावशी फडकं पसरून तयारच होती. लॉनभर नजर टाकली, गवत कुठे दिसेना. मशीनभोवती फिरली, वाकून चाकांमधून बघितलं, मग सरळ यांच्याकडे वळली.

"गवत कुठी गेलं?"

हे साहेबी आवाजात म्हणाले, "मावशी, ही मल्चिंगवाली मशीन आहे. गवताचा पार भुगा करते आणि तिथंच सोडते. गवताचं खत गवतालेच मिळते."

"म्हंजे गवतानंच गवत खायचं? मंग माही म्हैस काय खाईल?"

ते काही पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर दूध नव्हतं. मी भिंतीपाशी जाऊन विचारलं, तर मावशी गोठ्यातूनच म्हणाली, "अवं पोरी, म्हैस म्हणते, जवाईबापूले सांग का मशीनच दोहून घ्या."

मी पोट धरून हसले. पण मावशी यायची थांबली ती थांबलीच. आमच्याकडे गवतच नाही म्हटल्यावर येऊन करणार काय? भाऱ्यासाठी पार धानाच्या शेतातल्या धुऱ्यांपर्यंत, बांधांवरचं गवत कापायला जायची, गुडघे दुखायचे, परत आली की अंगणात येण्याइतका जीवही उरायचा नाही. मला लॉनचं काही पडलेलं नव्हतं. मावशी येईना, हे मात्र फार लागलं. आई गेली, बाबा गेले. मला 'पोरी' म्हणून हाक मारणारं गावात ते एकच माणूस उरलं होतं.

इकडे हे पाकिटाच्या दुधाचा चहा प्यायचे. प्यायचे म्हणजे कपात बघत बसायचे. एकदा म्हणाले, "चहा पातळ काहून लागून राहिला?" मी म्हटलं, "दूध गवतातून येते आणि गवत तुमची मशीन खाते."

मशीनसोबत एक पिशवी आली होती. मागचं झाकण काढून ती लावली की गवत तिच्यात जमा होतं. आठवडाभरानं यांनी गपचूप ती लावली आणि पिशवीभर गवत स्वतः उचलून गोठ्यात नेलं. म्हशीनं हुंगलं. पेट्रोलचा वास आला असावा, कारण ती यांच्या शर्टावर फुर्रकन शिंकरली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मावशीला हसू आवरेना. हे पिशवी घेऊन परतले आणि झाकण पुन्हा ठोकून बसवलं.

आता उरली भिंतीलगतची पट्टी. तिथं पायाचे दगड वर आलेले, पातं घासायचं, म्हणून यांनी विटांची ओळ मांडली होती. विटांच्या अलीकडे मशीन, पलीकडे गवत मोकळं. ती पट्टी इतकी अरुंद की मावशीचा विळाही तिच्यात आडवा मावला नसता.

दुपारी हे झोपले की मी बाहेर जायला लागले. विटा थोड्या अलीकडे सरकवायच्या, माती सारखी करायची, हात धुवून टाकायचे. रोज थोडंसंच. पट्टी रुंदावली, गवत वाढलं, आणि एका सकाळी मावशी विळा घेऊन हजर झाली. "पोरी, भिंतीपाशी बरंच गवत दिसून राहिलं," म्हणाली. मी म्हटलं, "हो ना, मशीन तिथं पोचतच नाही." त्या दिवशी दूध आलं. चहा पिताना यांनी दुसरा कप मागितला.

पण विटा मी सरकवत होते त्याहून जास्त सरकत होत्या. मला कळेना. मग एका पहाटे खिडकीतून पाहिलं, तर आमचे हे चोरासारखं इकडे-तिकडे बघत पायानं वीट ढकलत होते. पाठोपाठ दुसरी. मग पायाची माती झटकून, फिरायला निघाल्यासारखे हात मागे बांधून फाटकाकडे गेले.

मी सकाळी चहा देताना म्हटलं, "लॉन लहान झालं का हो?"

"पावसानं सरकतेत विटा."

"चार दिवस झाले पाऊस नाही."

यांनी कप खाली ठेवला. "तू पण सरकवते ना?"

"सगळं मिळून वीतभर. तुम्ही?"

"मी पण वीतभरच." मग लॉनकडे बघत राहिले. लॉन म्हणजे एक सतरंजी अंथरता येईल एवढं हिरवं शिल्लक होतं. दोन वितींचा हा हिशेब नव्हता. "मंग एवढ्या कोणी सरकवल्या?"

आम्ही दोघांनीही भिंतीकडे पाहिलं. मावशी नुकताच भारा बांधून उठत होती. साडीच्या ओच्याला विटेची लाल माती लागली होती. तिनं पदर सावरला आणि मशीनकडे मोठ्या मायेनं बघितलं.

"जवाईबापू, तुमची मशीन लय गुणाची हाय. रोज जराजरा कमी खाऊन राहिली."