बांधीतल्या मासोळ्या

वनिता गेल्याचा नागपूरच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात तिच्याच मासोळ्यांचं पाणी बदलत होते. फोन ठेवला आणि उरलेल्या टाक्यांचंही पाणी बदलून टाकलं... दुसरं काय करणार होते? महिना उलटला, तरी एका जागी बसवत नाही. वर्गात शिकवताना उगाच खिडकीशी जाऊन येते.

प्राणिशास्त्र आम्ही दोघी शिकवायचो, पण मासोळ्यांचा नाद तिचा एकटीचा. गावाकडच्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, साचलेल्या पाण्यातल्या बोटाच्या पेराएवढ्या पट्टेरी मासोळ्या तिनं बाटलीत भरून एसटीनं आणल्या होत्या. रक्तातली कोवळी पेशी पांढरी पेशी कशी होते, कोणतं जनुक तिला तसं व्हायला लावतं, हे ती त्यांच्या आरपार दिसणाऱ्या पिल्लांत शोधायची. एकदा गावातल्या लोकांना जमवून तिनं अगदी शुद्ध मराठीत समजावलं, ‘‘प्रत्येक जनुकाला एक कळ असते.’’ तिची आई, पार्वतामावशी, पहिल्याच रांगेतून कळवळल्या, ‘‘मासोळीच्या पोटात कळ येते का वं?’’ वनिता हसून हसून बेजार. ‘‘बटन वं माय, बटन!’’

आणि नेमका तिलाच रक्ताचा कॅन्सर व्हावा!

परवा मावशी बादली घेऊन कॉलेजात आल्या. ‘‘या मासोळ्याइनंच माह्या पोरीले रोग लावला. नेऊन फेकतो तलावात.’’ मासोळ्या गेल्या असत्या तर वनिताचं सगळं काम गेलं असतं. मासोळ्यांपासून हा रोग होत नाही, हे परोपरीनं सांगितलं, पटेना. शेवटी त्यांना वनिताच्या स्टुलावर बसवलं, सूक्ष्मदर्शक पुढे केला. भिंगाखालच्या पिल्लाच्या शेपटीला बारीकशी जखम होती आणि पांढऱ्या पेशी सरकत सरकत तिकडे निघाल्या होत्या. मावशी कितीतरी वेळ डोळा लावून होत्या.

‘‘ह्या त मदतीले धावून राह्यल्या... माह्या पोरीच्या काऊन नाई धावल्या?’’

माझा आवाज चढलाच. ‘‘होत्या मावशी, ढिगानं होत्या! पण त्यांना मोठं करणारं जनुकच बिघडलं होतं. नुसती गर्दी झाली. वयात एकही आली नाही.’’

मावशी उठल्या. रिकामीच बादली उचलून दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

‘‘म्हंजे लेकरंच होते... लेकरावर कसा राग धरू, बाई?’’